रुग्णालयातून सोबत येणारा दुसरा आजार

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपाशी सुरू होतो आणि मुंबई-गोवा महामार्ग पळस्पे फाट्यावरून कोकणाकडे वळतो. या दोन्ही रस्त्यांवरील अपघातांतील जखमींना घेऊन रुग्णवाहिका पनवेल, कळंबोली, कामोठे या पट्ट्यातील रुग्णालयांकडे धावत असतात. पहिल्या तासात उपचार मिळाले, रक्तस्राव थांबला, शस्त्रक्रिया पार पडली की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. डोक्याला मार लागलेल्या अशा रुग्णाच्या घशात कृत्रिम श्वासोच्छ्वासाची नळी असते, मानेतील मोठ्या शिरेत औषधांची नळी असते, लघवीसाठी कॅथेटर बसवलेला असतो. पाचव्या-सहाव्या दिवशी ताप चढतो, छातीत कफ भरू लागतो आणि अतिदक्षता विभागाच्या दाराशी येऊन डॉक्टर सांगतात, 'इन्फेक्शन झाले आहे.' घरची मंडळी ते अपघाताचेच पुढचे पाऊल समजतात. प्रत्यक्षात हा संसर्ग बहुधा रस्त्यावर लागलेला नसतो. तो रुग्णालयाच्या खाटेवर लागलेला असतो.

वैद्यकशास्त्रात याला रुग्णालयजन्य संसर्ग म्हणतात. रुग्ण दाखल होताना जो संसर्ग त्याच्या अंगात नव्हता, किंवा सुप्तावस्थेतही नव्हता, आणि साधारणपणे दाखल झाल्यापासून ४८ तासांनंतर जो प्रकट झाला, तो या प्रकारात मोडतो. शस्त्रक्रियेच्या जखमेचा संसर्ग ३० दिवसांपर्यंत, तर सांध्याचा गोळा, हाडातील पट्टी असे काही शरीरात बसवले असल्यास ९० दिवसांपर्यंत याच खात्यात धरला जातो. म्हणजे रुग्ण घरी जाऊन महिना उलटला तरी हिशेब मिटलेला नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार तातडीचे उपचार देणाऱ्या रुग्णालयांतील दर १०० रुग्णांमागे श्रीमंत देशांत ७, तर मध्यम आणि कमी उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना किमान एक रुग्णालयजन्य संसर्ग होतो आणि बाधितांपैकी सरासरी दहातील एक दगावतो. हातांची स्वच्छता आणि अन्य साधे, स्वस्त उपाय नेटाने पाळले तर यातील ७० टक्के संसर्ग टाळता येतात, असेही हाच अहवाल सांगतो.

मोजणीवाचून उपाय नाही

'आमच्याकडे इन्फेक्शन होतच नाही,' असे सांगणारे रुग्णालय भेटले तर रुग्णाने निश्चिंत होण्याऐवजी जरा सावध व्हावे. बहुतेक वेळा या वाक्याचा अर्थ तिथे कोणी मोजत नाही, एवढाच असतो. जे रुग्णालय मोजते, त्याला काही ना काही आकडा सापडतोच.

मोजण्याची पद्धत मुळात सोपी आहे. विभागात किती रुग्णांना किती दिवस नळी होती, याची रोज नोंद करायची. दहा रुग्णांना प्रत्येकी पाच दिवस कॅथेटर असेल तर ते ५० कॅथेटर-दिवस झाले. अशा दर हजार दिवसांमागे किती संसर्ग झाले, हा दर काढायचा. त्यामुळे बारा खाटांचे रुग्णालय आणि बाराशे खाटांचे रुग्णालय एकाच पट्टीने मोजता येते. भारतातील सात शहरांच्या रुग्णालयांतील १२ अतिदक्षता विभागांत २००४ ते २००७ या काळात अशी मोजणी झाली. १०,८३५ रुग्णांच्या त्या पाहणीत दर हजार नळी-दिवसांमागे कृत्रिम श्वासोच्छ्वासाशी निगडित न्यूमोनियाचे प्रमाण १०.४६, मोठ्या शिरेतील नळीमुळे होणाऱ्या रक्तसंसर्गाचे ७.९२ आणि कॅथेटरमुळे होणाऱ्या मूत्रसंसर्गाचे १.४१ आढळले. त्यानंतर दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या पुढाकाराने देशात रुग्णालयांचे जाळे उभे राहिले. त्यातील २६ रुग्णालयांच्या ८९ अतिदक्षता विभागांची २०१७-१८ मधील माहिती २०२२ साली प्रसिद्ध झाली. त्यात रक्तसंसर्गाच्या २,६२२ आणि मूत्रसंसर्गाच्या ७३७ घटना नोंदल्या गेल्या. रक्तसंसर्गाचे सर्वाधिक दर नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागांत होते.

नुसत्या मोजणीने काय होते, अशी शंका येईल. अमेरिकेत १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, संसर्गाची नियमित मोजणी करून तिचे निष्कर्ष शल्यविशारदांसमोर ठेवणाऱ्या आणि त्यासाठी प्रशिक्षित परिचारिका व डॉक्टर नेमणाऱ्या रुग्णालयांत संसर्ग सुमारे ३२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले होते. रुग्णालयांना दर्जाचे प्रमाणपत्र देणारे राष्ट्रीय मंडळ (एनएबीएच) न्यूमोनिया, रक्तसंसर्ग, मूत्रसंसर्ग आणि शस्त्रक्रियेच्या जखमेचा संसर्ग या चार दरांची मागणी करते, ती याच कारणासाठी.

पनवेलमध्ये प्रश्न येतो तो लहान रुग्णालयांचा. १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झालेल्या या शहरात, जुन्या पनवेलच्या गल्ल्यांपासून सिडकोच्या वसाहतींपर्यंत दहा-वीस खाटांची नर्सिंग होम आहेत. तिथे पूर्णवेळ सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ परवडत नाही. जखमेचा पू किंवा रक्ताचा नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत जातो, अहवाल दोन-तीन दिवसांनी येतो, तोवर रुग्ण कदाचित दुसरीकडे हलवलेला असतो. शस्त्रक्रिया एका ठिकाणी, जखम चिघळल्यावर उपचार दुसऱ्या ठिकाणी, असे झाले की पहिल्या रुग्णालयाला आपल्या चुकीची खबरच लागत नाही. शस्त्रक्रियेनंतर तिसाव्या दिवशी रुग्णाला एक फोन करून जखमेची चौकशी करणे, हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय होय. त्यासाठी एक वही आणि एक जबाबदार परिचारिका पुरते.

हात

व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७ साली डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून आलेल्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरातील १८ बाळंतिणी दगावत होत्या. जूनपर्यंत हे प्रमाण दोनवर आले. तरीही सहकाऱ्यांनी त्यांचे म्हणणे मानले नाही. 'डॉक्टरांच्या हातांनी रोग पसरतो' हे ऐकून घेणे तेव्हा जड गेले होते आणि आजही ते कुणाला फारसे रुचत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये हातांच्या स्वच्छतेचे पाच क्षण निश्चित केले: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक कृती करण्यापूर्वी, शरीरातील द्रवाशी संपर्क आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. यातील शेवटचा क्षण सर्वाधिक विसरला जातो. डॉक्टर रुग्णाला हात न लावता नुसता मॉनिटरचा आवाज बंद करतात, खाटेचा कठडा वर करतात आणि पुढच्या खाटेकडे जातात. जंतूंना तेवढे पुरते. अल्कोहोलयुक्त द्रावण हातांवर २० ते ३० सेकंद चोळावे लागते, साबण-पाण्याला ४० ते ६० सेकंद लागतात. गर्दीच्या विभागात म्हणूनच द्रावण अधिक व्यवहार्य ठरते. मात्र हात दिसण्याइतके मळलेले किंवा रक्ताने माखलेले असतील तर पाण्याला पर्याय नाही. जुलाब घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचे बीजाणूही अल्कोहोलला दाद देत नाहीत.

हातमोजे हा आणखी एक फसवा दिलासा. एकच जोडी घालून तीन रुग्णांची सलाईन बदलणारा किंवा मोजे घातलेल्या हाताने खिशातील मोबाइल काढणारा कर्मचारी स्वतःचे रक्षण करतो, रुग्णाचे नव्हे. पनवेलसारख्या शहरात एकच विशेषज्ञ दिवसभरात चार-पाच रुग्णालयांत फेऱ्या मारतो. त्याच्यासोबत त्याचा स्टेथोस्कोपही फिरतो, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. करोनाच्या काळात ही शिस्त काही काळ आली होती. एप्रिल २०२० मध्ये मुंबई सेंट्रल येथील एका मोठ्या खासगी रुग्णालयात २६ परिचारिका आणि तीन डॉक्टरांना लागण झाल्यावर रुग्णालयातील संसर्ग कर्मचाऱ्यांच्या घरापर्यंत पोहोचतो, याची जाणीव सर्वांना झाली. साथ ओसरल्यावर खाटांच्या पायथ्याशी अडकवलेल्या द्रावणाच्या बाटल्या किती ठिकाणी भरलेल्या राहिल्या, हे ज्याने त्याने पाहावे.

टाकीतले पाणी

देहरंग धरणाचा साठा उन्हाळ्यात आटू लागला की पनवेल शहरात पाणीकपात आणि टँकर यांचा हंगाम सुरू होतो, हा पनवेलकरांचा जुना अनुभव. घरात त्याचा त्रास होतो. रुग्णालयात त्याचा धोका होतो. पाणी गच्चीवरील आणि तळघरातील टाक्यांत अधिक काळ साठून राहते, त्यातील क्लोरीन उडून जातो आणि स्यूडोमोनाससारखे जंतू टाकीच्या भिंतींवर, नळाच्या तोटीत बुळबुळीत थर धरून वस्ती करतात. निरोगी माणसाने त्या पाण्याने तोंड धुतले तरी काही बिघडत नाही. भाजलेल्या त्वचेवर, डोळ्याच्या आत किंवा श्वासनलिकेत तेच पाणी पोहोचले तर जिवावर बेतते. ऑक्सिजनच्या बाटलीत वाफाऱ्यासाठी नळाचे पाणी भरणे ही म्हणूनच अक्षम्य चूक आहे. तिथे निर्जंतुक पाणीच हवे आणि तेही रोज बदललेले.

दुर्बिणीद्वारे होणाऱ्या शस्त्रक्रियांत हा धोका वेगळ्या रूपाने येतो. मुंबईतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि शल्यविशारदांनी २००१ साली अशा शस्त्रक्रियेनंतर छिद्रांच्या जागी होणाऱ्या मायकोबॅक्टेरियम किलोनी या जंतूच्या संसर्गाची नोंद प्रसिद्ध केली होती. हा जंतू क्षयरोगाच्या जंतूचा लांबचा नातेवाईक. जखम भरते, टाके निघतात आणि तीन-चार आठवड्यांनी बेंबीजवळ गाठ येऊन ती पाझरू लागते. नेहमीची प्रतिजैविके चालत नाहीत, औषधे कित्येक महिने घ्यावी लागतात. दुर्बिणीची उपकरणे उष्णता सोसत नाहीत म्हणून ती ग्लुटाराल्डिहाइडच्या द्रावणात बुडवून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. हे २ टक्क्यांचे द्रावण २० मिनिटांत बहुतेक जंतू मारते; बीजाणूंसह पूर्ण निर्जंतुकीकरणाला दहा तास लागतात. एका पाठोपाठ एक शस्त्रक्रिया असताना दहा तास थांबतो कोण? त्यातच द्रावणातून काढलेले उपकरण साध्या पाण्याने विसळले की केलेले काम वाया जाते.

शस्त्रक्रियागृहातील समजुती

अनेक लहान रुग्णालये शनिवारी रात्री शस्त्रक्रियागृह बंद करून फॉर्मॅलिनचा धूर करतात आणि सोमवारी भिंतींवरून नमुने घेऊन 'जंतू नाहीत' असा अहवाल फाइलला लावतात. धुराचा वास आला की सर्वांना समाधान वाटते. वास्तविक नेहमीच्या संसर्गनियंत्रणासाठी अशा धुराची शिफारस आता केली जात नाही. फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेले आहे. दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये टेबल, दिवे आणि जमीन साबण व जंतुनाशकाने पुसणे, दारे बंद ठेवणे आणि आत माणसे कमी असणे यांचा उपयोग धुरापेक्षा अधिक होतो.

ऑटोक्लेव्हच्या डब्यावरील चिकटपट्टीचे पट्टे काळे झाले म्हणजे आतील उपकरणे निर्जंतुक झाली, हीदेखील अशीच समजूत. डबा तापला होता, एवढेच ती पट्टी सांगते. १२१ अंश सेल्सिअस तापमान ठरलेला वेळ सर्व भागांत पोहोचले की नाही, हे कळण्यासाठी उष्णतेला चिवट असलेल्या जिवाणूंचे बीजाणू असलेली कुपी आत ठेवून नंतर तपासावी लागते. खर्च फार नाही, कंटाळा मात्र असतो.

रुग्णाच्या बाबतीत तीन गोष्टी निर्णायक ठरतात. शस्त्रक्रियेआधी केस वस्तऱ्याने काढू नयेत. वस्तऱ्याने त्वचेवर न दिसणारे ओरखडे उठतात आणि त्यांत रात्रभर जंतू वाढतात. काढणे आवश्यकच असेल तर क्लिपर वापरावा. दुसरे, प्रतिबंधक प्रतिजैविक चीर देण्यापूर्वीच्या साधारण तासाभरात दिले गेले पाहिजे. ते नंतर पाच-सात दिवस चालू ठेवल्याने लाभ होत नाही, हे पटवून घ्यायला डॉक्टर आणि रुग्ण दोघेही नाखूश असतात. तिसरे, मधुमेह्यांची रक्तशर्करा त्या काळात आटोक्यात हवी.

या साऱ्यात ढिलाई झाली तर काय होते, ते जानेवारी २०१९ मध्ये मुंबईकरांनी पाहिले. जोगेश्वरी येथील महापालिकेच्या ट्रॉमा केअर रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या सात रुग्णांपैकी पाच जणांच्या डोळ्यांना संसर्ग झाला आणि काहींना दृष्टी गमवावी लागली. पनवेल हे रायगडच्या खेड्यापाड्यांतील लोकांसाठी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे मोठे केंद्र असल्याने या घटनेची आठवण इथे ठेवलीच पाहिजे. याच क्षेत्रात अनुकरणीय उदाहरणही भारतातच आहे. तामिळनाडूच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्याच्या आत मॉक्सिफ्लॉक्सासिन देण्याची पद्धत सुरू केली. सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांची छाननी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा डोळ्याच्या आतील संसर्गाचे प्रमाण ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ टक्क्यांवर आल्याचे दिसले. प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद ठेवली होती, म्हणूनच हा फरक दिसू शकला.

नळी काढणार केव्हा?

अमेरिकेतील मिशिगन राज्यात शंभरावर अतिदक्षता विभागांनी मोठ्या शिरेतील नळीसाठी पाच नियम ठरवून घेतले: हात धुणे, नळी घालताना रुग्णाला पूर्ण निर्जंतुक चादरीने झाकणे, त्वचा क्लोरहेक्झिडिनने पुसणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. नियम मोडला जात असेल तर डॉक्टरांना थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला दिला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दीड वर्षात रक्तसंसर्गात ६६ टक्क्यांपर्यंत घट झाली. पाच नियमांत नवे काहीच नव्हते. नवा होता तो परिचारिकेचा अधिकार. आपल्याकडे 'सर, हात राहिले' असे म्हणण्याची हिंमत किती परिचारिकांना होईल, आणि झाली तर तिची नोकरी किती दिवस टिकेल, हा अवघड प्रश्न आहे.

लघवीच्या कॅथेटरचे तर अनेकदा विस्मरणच होते. रुग्ण उठून बसू लागला, तरी चादर खराब होऊ नये म्हणून तो तसाच ठेवला जातो. दर दिवसागणिक संसर्गाची शक्यता वाढत जाते. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली हवी आणि जमिनीला टेकता कामा नये. रुग्णाला सोनोग्राफीसाठी नेताना नातेवाईक ती मदत म्हणून पोटावर ठेवतात आणि पिशवीतील मूत्र उलटे आत जाते. कृत्रिम श्वासावरील रुग्णाचे डोके ३० ते ४५ अंश वर असावे, तोंडाची स्वच्छता रोज व्हावी आणि गुंगीचे औषध कमी करून तो स्वतः श्वास घेऊ शकतो का, हे दररोज पाहावे.

आणि सलाईन. 'अशक्तपणा आला आहे, एक सलाईन लावा' हा हट्ट आपल्याकडे इतका मुरला आहे की, लावले नाही तर डॉक्टर बदलला जातो. तोंडाने पाणी पिऊ शकणाऱ्या माणसाच्या शिरेत सुई टोचणे म्हणजे जंतूंना विनाकारण दार उघडून देणे.

खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या 'अ‍ॅक्ट्रेक' या संस्थेमुळे पनवेल परिसरात आणखी एक वर्ग आहे, तो कर्करोगाच्या रुग्णांचा. केमोथेरपीने त्यांच्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात आणि काहींच्या दंडातून नळी लावलेली असते. ती घेऊन ते भाड्याच्या खोलीत राहतात. या नळीची पट्टी ओली झाली, सैल झाली किंवा थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालय गाठणे त्यांच्यासाठी आवश्यक असते.

मावशींचे काम

संसर्गनियंत्रणाच्या बैठकीला डॉक्टर बसतात, फरशी मात्र मावशी पुसतात. बहुतेक जणी कंत्राटी, पगार तुटपुंजा, आणि प्रशिक्षण म्हणजे आधीच्या मावशींनी दाखवले तेवढेच. कोरडा झाडू मारला की धूळ आणि जंतू हवेत उडतात, म्हणून रुग्णकक्षात ओल्या फडक्यानेच पुसावे. स्वच्छतागृहाचा मॉप कक्षात आणू नये. सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण रोज नवे करावे. हे कुणीतरी त्यांना मराठीत, कारणासह समजावून सांगायला हवे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार पिवळी व लाल पिशवी, सुयांसाठी पांढरा न भेदला जाणारा डबा आणि काचेसाठी निळा खोका ठरलेला आहे. सुई चुकीच्या पिशवीत गेली तर ती टोचते मावशींनाच. केंद्राच्या २०१५ मधील 'कायाकल्प' योजनेत सरकारी रुग्णालयांची स्वच्छता आणि संसर्गनियंत्रण यांना गुण दिले जाऊ लागले. जानेवारी २०२० मध्ये राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही आली.

या सगळ्याची निकड वाढली आहे ती औषधे निकामी होत चालल्यामुळे. मुंबईतील हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या चार महिन्यांत कार्बापेनेम या राखीव प्रतिजैविकांना न जुमानणारे २४ जंतू वेगळे केले. त्यातील २२ जंतूंत एनडीएम-१ हे विकर आढळले. मार्च २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या नोंदीनंतर देशभर वादळ उठले, ते विकराच्या नावातील 'नवी दिल्ली'वरून. जंतूवरून उठायला हवे होते. असा संसर्ग झाल्यावर डॉक्टरांच्या हाती कोलिस्टिनसारखी, मूत्रपिंडांना अपाय करणारी जुनी औषधे उरतात आणि बिलाचा आकडा दिवसाला हजारोंनी वाढतो.

नातेवाइकांनी काय विचारावे?

आजाऱ्याला भेटायला जाणे हा आपल्याकडे रिवाज आहे. न गेल्यास बोल लागतो. तरी सर्दी-खोकला असलेल्यांनी आणि लहान मुलांनी जाऊ नये, रुग्णाच्या खाटेवर बसू नये, आत जाताना व बाहेर पडताना हात स्वच्छ करावेत. दाखल करताना खोलीच्या भाड्यासोबत आणखी चौकशी करता येते: संसर्गनियंत्रणाची परिचारिका कोण आहे, गेल्या तीन महिन्यांत जखमेच्या संसर्गाचे प्रमाण किती होते, एकदाच वापरायच्या वस्तू पुन्हा वापरल्या जातात का? अतिदक्षता विभागात रोज एकच प्रश्न पुरे: 'आज कोणती नळी काढता येईल?'

महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यान्वये होते. महापालिका क्षेत्रात हे काम महापालिकेचा आरोग्य विभाग पाहतो. २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांत रुग्णहक्कांची सनद समाविष्ट आहे. संसर्ग झाल्याचे सांगितले गेल्यास नमुना केव्हा घेतला, कोणता जंतू निघाला आणि तो कोणत्या औषधांना दाद देतो, या कल्चर अहवालाची प्रत मागून घ्यावी. रुग्ण दुसरीकडे हलवताना ती सोबत असेल तर तिथल्या डॉक्टरांचे दोन-तीन दिवस वाचतात आणि नव्या रुग्णालयातील शेजारच्या खाटेलाही वेळीच वेगळे ठेवता येते. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत उपचारांची कागदपत्रे देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अर्ज लेखी द्यावा आणि त्याच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी.